चार रात्री मालवण-वेंगुर्ल्याला येतोयस, तर हे वाच

तू पाठवलेल्या यादीत गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, आंबोली आणि ‘जमलं तर गोवा’ असं सगळं चार रात्रींत कोंबलं आहेस. गणपतीपुळे आणि गोवा आत्ताच खोड. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर आमच्याकडे खाड्यांच्या वळशांनी वाढतं. मालवण ते देवगड पन्नासेक किलोमीटर. सागरी रस्त्याने, कुठेही न थांबता, दीड तास धर. ताशी तीस किलोमीटरचा हिशेब ठेवलास तर गाडीत भांडणं होणार नाहीत. विजयदुर्ग आहे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आणि शिरोडा-रेडी दक्षिण टोकाला, त्यामुळे चार रात्रींत दोन्ही टोकं गाठायची म्हणजे काचेतून कोकण बघायचं. माझ्या मते पहिल्या दोन रात्री मालवण आणि पुढच्या दोन वेंगुर्ला. देवगड, कुणकेश्वर, विजयदुर्ग पुढच्या खेपेला ठेव. तिकडे दोन दिवस सहज जातात.

ठिकाणांची यादी करण्याआधी पंचांग उघड. थट्टा नाही. इथला दिवस भरती-ओहोटीवर चालतो, घड्याळावर नाही. एकच किनारा सकाळी दहाला पायाखाली सपाट, ओला आणि मोकळा असतो आणि दुपारी चारला त्याच जागी लाट माडांच्या मुळाशी आपटत असते. बाहेरून येणाऱ्यांची अर्धी निराशा आणि बरेचसे अपघात हे न बघितल्याने होतात. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, आधी महिना ठरवू.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. हवा कोरडी, समुद्र शांत, पाणी नितळ. त्यातले २४ डिसेंबर ते २ जानेवारी मात्र सोडून दे. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. आत जायला एकच रस्ता, दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावं लागतं. नाताळात तिथे तारकर्लीपासूनच रांग लागते. मार्चपासून घाम सुरू होतो, पण ओले काजू आणि आंबा त्याच दिवसांत. मेच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, स्कुबा, जलक्रीडा बंद होतात ते थेट ऑगस्टअखेर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे जुलैत कुणी ‘ताजी सुरमई’ म्हणून ताटात वाढली तर ती बर्फातली आहे किंवा दुसरीकडून आलेली आहे हे समजून खा. पावसात यायचंच असेल तर सडे म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, धबधबे, भाताची शेतं आणि सुक्या माशांसाठी ये. समुद्र फक्त लांबून बघायचा, पाय बुडवायलाही नाही.

दोन तारखा मुद्दाम टाळ. गणपतीत गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि घरगुती निवासवाल्यांच्या स्वतःच्याच घरी माणसं भरलेली असतात. दुसरी आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा. ती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, पण तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते. ती जाहीर झाली की मालवण, मसुरे, कणकवली भागातल्या खोल्या दोन-तीन दिवसांत संपतात. तुझी आरक्षणं झाल्यावर ती तारीख आडवी आली तर वेंगुर्ल्याच्या रात्री आधी घे आणि मालवण नंतर.

आता प्रवास. मालवणला रेल्वे नाही. उतरायचं कुडाळला, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. ‘सिंधुदुर्ग’ नावाचं स्टेशन बघून हुरळून जाऊ नकोस. ते ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नाही. अंतर कुडाळइतकंच, पण कुडाळला गाड्या जास्त थांबतात आणि रिक्षा-एसटीही जास्त. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या सकाळी कुडाळला आणून सोडते. दिवसाची मांडवी संध्याकाळच्या आत पोचवते आणि तिच्यातलं खाणं अजून नाव राखून आहे. दिवसा यायचं असेल तर समुद्र दिसेल या आशेने खिडकी धरू नकोस. रुळ किनाऱ्यापासून बरेच आत आहेत, दिसतात ते बोगदे, पूल आणि खाड्या. तुतारी दादरहून रात्री बारानंतर सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. दर सुट्टीत कुणी ना कुणी शुक्रवारचं तिकीट घेऊन चोवीस तास उशिरा फलाटावर उभं असतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याचं काही मिनिटांत संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालवतात, तेव्हा जुन्या वेळांवर पुढचं वाहन ठरवू नकोस.

रात्रीच्या गाडीने आलात तर सकाळी नऊला मालवणात असाल आणि खोली मिळणार दुपारी बाराला. हे फोनवरच विचारून ठेव. बहुतेक जण सामान ठेवायला आणि तोंड धुवायला जागा देतात, पण आदल्या रात्रीचे पाहुणे असतील तर खोली देणार कुठून?

पुण्याहून गाडीने येणार असाल तर कोल्हापूरपर्यंत महामार्ग आणि मग घाट. राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, किंवा आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडी. मालवण आधी असेल तर फोंडा, वेंगुर्ला आधी असेल तर आंबोली. गगनबावड्याहून दोन घाट उतरतात, करूळ आणि भुईबावडा. भुईबावडा अरुंद आहे, नवख्याने रात्री त्या वाटेला जाऊ नये. मोबाईलवरचा नकाशा फक्त मिनिटं मोजतो, त्याला दरड दिसत नाही. जून ते सप्टेंबर निघण्याच्या दिवशी सकाळी राहायच्या ठिकाणी फोन कर आणि कोणता घाट चालू आहे ते विचार. विमानाचं म्हणशील तर चिपीला विमानतळ २०२१मध्ये सुरू झाला, पण तिथल्या फेऱ्या सुरू-बंद होत राहतात. गोव्याचा मोपा सावंतवाडीच्या बाजूला आहे आणि भरवशाचा आहे.

राहायला मोठं हॉटेल शोधू नकोस. न्याहारी-निवासाची घरं किनाऱ्याला लागून आहेत आणि जेवण तिथेच चांगलं मिळतं. खोलीचे फोटो सगळ्यांचे सारखेच गोड, तेव्हा प्रश्न नेमके विचार. समुद्र किती पावलांवर? मधे रस्ता आहे का? वीज गेली तर पंखा चालेल इतका इन्व्हर्टर आहे का? रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत सांगायचं? माशाचं ताट धरून दर आहे की वेगळा? तुझी आई शाकाहारी आहे हे आरक्षणाच्या वेळीच सांग आणि आदल्या रात्री पुन्हा आठवण कर. काळ्या वाटाण्याचं सांबारं, काजूची उसळ, फणसाची भाजी, सोबत आंबोळी किंवा घावणे, असं उत्तम जेवण मिळतं. फक्त वाटाणा रात्री भिजत घालावा लागतो. ऐनवेळी सांगितलं तर बटाट्याची भाजी आणि पापड येणार, आणि त्यात स्वयंपाकघराचा दोष नाही.

आता भरती-ओहोटी. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: त्या दिवसाची तिथी घे आणि तिची पाऊणपट कर. येईल त्या वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती, तर सकाळी दहाच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक-दोन-तीन मोजायचं. हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि आमच्याकडे भरती मुंबईपेक्षा थोडी लवकर येते. मिनिटाला मिनिट हवं असेल तर मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण बाजारात उभ्या-उभ्या दिवस आखायला पाऊणपट पुरते.

यात दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण: पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं, ओढही जोरात. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग: चढ-उतार कमी, प्रवाह मंद. त्यावरून कामं वाटून घ्यायची. स्कुबा आणि स्नॉर्कलिंग भांगाच्या दिवसांत कर. प्रवाह कमी म्हणजे तळाचा गाळ कमी ढवळतो आणि पाण्यात लांबचं दिसतं. उधाणाच्या ओहोटीला खडक उघडे पडतात, तेव्हा खडकांतली डबकी बघायची. मुलांना खेकडे, समुद्री काकड्या, झेंड्यासारखी हलणारी समुद्रफुलं तिथेच दिसतील. पायात मागे पट्टा असलेली जुनी सॅंडल हवी, चप्पल नको. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. वरून निसटता धक्का लागला तरी तळव्याला लांब चिरा पडतात, खाऱ्या पाण्यात कळत नाही आणि वाळूत आल्यावर रक्त दिसतं. अशी जखम गोड्या पाण्याने चोळून धुवायची, आत शिंपल्याचा कण राहिला तर दोन दिवसांत पिकते.

मालवणातला पद्मगड याच हिशेबात बसवून बघ. सिंधुदुर्गाच्या समोर दांडी किनाऱ्याजवळ हा छोटा किल्ला आहे आणि पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येतं. ओहोटीच्या तासभर आधी निघ आणि पाणी फिरायला लागलं की लगेच परत ये. रेंगाळलास तर येताना कमरेएवढं पाणी.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम दिसायला फार शांत असतो. तिथे पोहायचं नाही, गुडघ्याच्या वरही नाही. ओहोटी लागली की नदीचं आणि खाडीचं सगळं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं, वाळूचा उतारही तिथे एकदम खोल जातो. लोक ज्याला सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा याच मुखाजवळ आहे. ओहोटीला पाय टेकतात, भरतीला तो पाण्याखाली जातो. म्हणून होडीवाल्याला ‘किती वाजता निघतोय’ एवढंच न विचारता ‘तेव्हा पाणी किती असेल’ तेही विचार. पोहायला तारकर्लीचा लांब सरळ किनारा बरा, पण तिथेही लाटा फुटत नाहीत असा गुळगुळीत, गढूळ पट्टा दिसला तर तिथून पाणी आत ओढलं जातंय हे ओळख. नवख्यांना नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. ओढला गेलास तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं. आणि गाडी वाळूवर घालू नकोस. ओली वाळू घट्ट वाटते, पण थांबलेल्या चाकाखालची वाळू प्रत्येक लाटेबरोबर सुटत जाते. मग ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

सिंधुदुर्ग किल्ला पहिल्या सकाळी, शक्य तितक्या लवकर कर. मालवण बंदरातून होडी दहा-पंधरा मिनिटांत नेते. होडीवाले सहसा तासाभराची मुदत देतात आणि त्याच होडीने परत यायला सांगतात. तासात किल्ला होत नाही. तटाची लांबीच सुमारे तीन किलोमीटर आहे. चढतानाच सांग की आम्ही पुढच्या होडीने येऊ, गर्दी नसेल तर चालतं. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ला शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली. पायाच्या दगडांत शिसं ओतलं आहे. दरवाजा समोरून दिसतच नाही, बुरुजांच्या वळणात दडलेला आहे, होडी अगदी जवळ गेल्यावर उलगडतो. आत शिवराजेश्वर मंदिर, तटातल्या घुमटीत महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना या विहिरींचं पाणी गोडं कसं हे मुलांना बघायला लाव. २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत हा आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत, त्यामुळे गर्दी वाढलीच आहे. वर सावली थोडी. अकरानंतर जांभा तापतो आणि मुलं रडतात.

स्कुबाबद्दल लोकांच्या कल्पना फार मोठ्या असतात. होडीवर जे विकतात ते शिकाऊ डुबकी असते. प्रशिक्षक तुझ्या पाठीमागे धरून असतो, खोली थोडी, पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं. मजा येते, पण अपेक्षा तेवढीच ठेव. सकाळी हलकं खा. पोटभर मिसळ खाऊन हलत्या होडीत बसलेला माणूस डुबकीआधीच आडवा होतो. खाली जाताना कानात दडा बसतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबायची, आणि दुखायला लागण्याआधीपासून दर हातभर खोलीला. दुखल्यावर केलं तर कान उघडत नाही. सर्दी असेल, दमा असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल तर सरळ नाही म्हण, पैसे गेले तरी चालतील. परतीचं विमान असेल तर डुबकी आणि उड्डाण यांत किमान बारा तास सोड, अठरा उत्तम. होडीत चढताना लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर आणि बंद बांधलेलं हवं. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे शोभा. जास्त माणसं कोंबलेली दिसली तर उतर, पुढची होडी येतेच.

मासा खायला शिकणं हा या सुट्टीतला खरा अभ्यासक्रम. बाहेरून आलेला माणूस फलक वाचतो आणि सुरमई किंवा पापलेट मागतो. त्यामुळे गर्दीच्या दिवसांत नेमकी तीच दोन नावं बर्फातून निघतात. त्याऐवजी ‘आज काय इलाहा?’ म्हणजे आज काय आलंय, असं विचार. बांगडा, पेडवे, तारली हे गरिबांचे मासे समजले जातात, पण समुद्रातून ताटापर्यंत सगळ्यात कमी वेळात तेच येतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतात, ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. चावलीस तर जीभ पाच मिनिटं बधिर. मोरीचं मटण म्हणजे छोट्या शार्कचं, काट्याची भीती नाही, मुलांना चालतं. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, न उघडलेली शिंपली ओढून काढून खाऊ नकोस, ती शिजण्याआधीच मेलेली असू शकते. कुर्ल्या म्हणजे खेकडे घेताना हातात जड लागते ती घ्यायची, आकाराने मोठी पण हलकी असेल तर आत पाणी. बाजारात मासा स्वतः निवडायचा असेल तर बोटाने दाब, खड्डा भरून आला पाहिजे. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला उघडला तर लाल. कल्ला तपकिरी आणि बाहेरून लाल पाणी गळत असेल तर विक्रेतीशी वाद न घालता पुढे जा.

आणि सोमवारी माशाच्या ताटाची वाट बघू नकोस. कित्येक घरांत त्या दिवशी मासा होत नाही. मार्गशीर्षात गुरुवारीही तसंच. दिवस ठरवताना आगमनाचा दिवस सोमवार ठेव, म्हणजे शाकाहारी जेवणही नीट अनुभवता येईल आणि मंगळवारपासून बाजार मोकळा.

पहाटे उठायची तयारी असेल तर रापण बघ. तोंडवळी, वायंगणी, वेंगुर्ल्याच्या आसपासच्या किनाऱ्यांवर ती अजून ओढतात. होडीतून अर्धगोल जाळं टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगा मागे चालत चालत ते ओढतात. कंबर मागे टेकवायची आणि पायाने वाळू दाबायची, हाताने ओढलंस तर दहा मिनिटांत तळहात सोलून निघतील. कुणी नवखा दोराला लागला तर नाही म्हणत नाहीत. जाळं किनाऱ्याला लागल्यावर मात्र मधे घुसून फोटो काढू नकोस, तेव्हा त्यांची घाई खरी असते. आणि उघड्या पायाने जाळ्याजवळ फिरू नकोस. वागळी मासा, म्हणजे पाकट, वाळूत चपटा पडलेला असतो आणि शेपटीचा काटा मारतो. उथळ पाण्यातही पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चालायचं, म्हणजे तो आधीच पळतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, अर्धा तास तरी, आणि मग डॉक्टर.

एप्रिल-मेमध्ये आलास तर आंबा नेणारच. रस्त्याकडेच्या प्रत्येक टपरीवर ‘देवगड हापूस’ लिहिलेलं असतं, तेवढा आंबा देवगडात होत नाही. बागायतदाराच्या घरून, आढीतून घे. तयार पिवळा आंबा नको, हिरवा पण तयार घे: देठाजवळचे खांदे वर आलेले, देठ खळग्यात बसलेला, सालीवर बारीक ठिपके. असा आंबा पेंढ्यात आठ-दहा दिवसांत पिकतो. झाडावर पिकेपर्यंत ठेवलेला आंबा चांगला, असं शहरात लोक समजतात. हापूसच्या बाबतीत उलटं आहे. झाडावर फार तयार झालेल्या फळात साका जास्त निघतो: गर कोयीजवळ पांढुरका, स्पंजासारखा, आंबट, पिकलेलाच नाही. बाहेरून फळ निर्दोष दिसतं, वासही येतो, चिरल्यावरच कळतं. पेटीत एक-दोन साक्याचे निघाले तर फसवणूक समजू नकोस. निम्मी पेटी निघाली तर बाग बदल. घरी आल्यावर पेटी उघडी कर, फळं एका थरात पेंढ्यावर, देठ खाली, रोज फिरवून बघ. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये टाकलीस तर पिकणं अडतं आणि साल काळवंडते. सगळा पिवळा पण वास नाही आणि गर टणक, असं फळ रसायनाने घाईत पिकवलेलं आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर मिळतात. सोललेलेच घे. अख्ख्या ओल्या बिया मुलांच्या हाती देऊ नकोस, टरफलातला चीक कातडी भाजतो. सोलायचेच असतील तर हाताला खोबरेल चोपडून. कोकमाची बाटली घेताना नाव वाच: आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. सरबताला अमृत कोकम, त्यात साखर असते. आगळाचं सरबत करून ‘खारट आहे’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. एका नारळाच्या दुधाला दोन-तीन चमचे आगळ पुरे, कढी उकळायची नाही, दूध फाटतं.

मालवणहून वेंगुर्ल्याला जाताना वाटेत दोन ठिकाणं पुरेत. धामापूरचा तलाव, विजयनगरच्या काळातला, काठावर भगवतीचं देऊळ. आणि कुडाळजवळ पिंगुळी, जिथे ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि बाहुल्यांची परंपरा जपली आहे. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. आधी फोन करून गेलास तर खेळ दाखवतात. नुसतंच दारात जाऊन ‘दाखवा’ म्हणू नये.

वेंगुर्ल्याच्या बाजूचे किनारे मालवणपेक्षा रिकामे. सागरेश्वर, मोचेमाड, आरवली, शिरोडा. शिरोड्याला १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, आणि मिठागरं अजून आहेत. इथे खाण्याच्या टपऱ्या कमी, म्हणून पाणी आणि खाऊ बरोबर ठेव. सावंतवाडी अर्धा दिवस: मोती तलाव, राजवाड्यात दशावतारी गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची, चित्रकारी, चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं. गंजिफा गोल असतात आणि दशावतारी डावात १२० पानं. पूर्ण संच महाग वाटला तर एक-दोन पानंही मिळतात. आंबोली पावसाळ्यात शनिवार-रविवारी टाळ, धबधब्यापाशी गाड्यांची रांग आणि दारूचा वास. मधल्या वारी, संध्याकाळी, बॅटरी घेऊन बेडूक बघायला जाणाऱ्या स्थानिक वाटाड्याबरोबर गेलास तर आंबोली कळते. तिथे वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो, छत्रीचा उपयोग नाही, रेनकोट आणि बदलायचे दोन जोड हवेत.

नोव्हेंबरनंतर आलास तर एक रात्र दशावताराला, आमच्या लोकनाट्याला, दे. कार्तिकापासून गावोगावी जत्रा, दहीकाले सुरू होतात. कुठे कधी हे कुठल्याही पानावर नीट मिळत नाही, घरमालकाला विचार ‘आज दहीकालो खंय?’, म्हणजे कुठे. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. जमिनीवर बसायला चटई, अंगावर शाल, मुलांना दुपारी झोपवून ने. पेटी, पखवाज आणि झांजेवर, लिखित संवादाशिवाय चालतं सगळं. राक्षसाची एन्ट्री बहुतेक प्रेक्षकांच्या मधूनच होते, तेव्हा लहान मुलाला वाटेच्या कडेला बसवू नकोस. देवळात गाऱ्हाणं चालू असताना मोबाईल खिशात ठेव.

औषधांचं: मोठी आजारपणं इथून बरेचदा गोव्याला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. आईची रोजची औषधं दोन दिवस जास्तीची आण. जानेवारी ते मे दोडामार्ग-बांदा पट्ट्यात काजूच्या बागांतून, जंगलातून भटकू नकोस, तिथे गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण निघाले आहेत. पावसात पायाला जखम असेल तर शेताच्या चिखलात नको, लेप्टोचा धोका असतो. रात्री अंगणात जायलाही बॅटरी. रोकड ठेव, किनाऱ्यावर नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. गोव्याहून दारू आणायचा मोह झाला तर इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी उघडतात, परवान्याशिवाय गुन्हा लागतो.

परतीला सावंतवाडी रोडवरून तुतारी धर. ती तिथूनच सुटते, त्यामुळे डबे रिकामे असतात आणि आंब्याच्या पेट्या बाकाखाली नीट सरकवता येतात. पेटीवर पेटी तीनपेक्षा जास्त नको, खालची दबते. स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे, सात-आठ किलोमीटर, तेव्हा रिक्षा दुपारीच सांगून ठेव.